पळालो

बसा. तिकडं नको, कौलातनं ऊन येतंय.
फोन ठेवा मधी, चालतंय.
पहिल्या अकरा सेकंदांचं विचारलासा न्हवं?
सांगतो.

ते धुकं न्हवतंच.
मार्चात खानापूरला धुकं कुठलं?
कौलाच्या भट्टीत ओल्या शेणी
आणि आंब्याचा पाला कोंबून काढलेला धूर तो.
क्यामेरावाला तोंडाला टॉवेल गुंडाळून,
बाकी सगळे खोकत,
आणि डायरेक्टर आपले, "अजून. अजून."
पडद्यावर वाटतंय मलप्रभेवर पहाट उतरूलालीया,
खरं दुपारचे साडेतीन वाजलेले.

बोर्ड बाबांनी रंगवलेला. परशराम पेंटर म्हणून.
एका अंगाला मराठी, पाठीला कन्नड,
पिक्चर दोन्हीत निघणार होता.
एक शॉट झाला की दोघं गडी बोर्ड फिरवायचे,
की परत पळायचं.
गाव नसलेलंच, नाव डायरेक्टरनी बसल्या बसल्या काढलेलं.
बाबा मरेपर्यंत सांगायचे,
जिंदगीत एकच बोर्ड असा लिहिलो
ज्याच्यावर रात्री कोण डांबर ओतलं नाही.

पाय माझे.
हिरो पुण्याचा पोरगा, सुहृद का काय नाव,
तळवे साबणाच्या वडीसारखे.
कापल्या भाताच्या धसकटात दोन पावलं टाकला
आणि खाली बसला.
मी बाबांचे ब्रश धरून उभा होतो, तेरा वर्षांची.
मला त्याची चड्डी दिले.
गुडघ्याखालचं तेवढंच दिसणार, म्हणाले.

पहिल्या टेकनंतर असिस्टंट विचारला, काय गं, दमलीस?
मी म्हणालो, "न्हाई. पळालो की."
सगळे हसले. "पळाले म्हण. मुलगी ना तू?"
आमच्यात बायका पळालोच म्हणतात,
जेवलो म्हणतात, बाळंत झालो म्हणतात.
मी गप बसलो.
डायरेक्टर म्हणाले, "राहू दे. आज तिचं बरोबर आहे."

आणि ती लांब उभी बाई, हाक मारणारी,
ती भट्टीवरची बसलिंगव्वा.
तिला सांगून ठेवलेलं, पोराला हाक मार, "बारो" म्हण.
आवाज मागनं दुसरीचा घातले, "ये रे".
आता ओठ बगा तिचे.
"ओ"ला गोल होत न्हाईत. फाकतात.
ती "बारे" म्हणतीया.
समोरनं पोरगीच पळत येऊलालती,
तिनं काय खोटं बोलायचं?

तो फोन जरा उलटा ठेवा.

चौथ्या टेकला घोट्यावर काळी रेघ दिसते, बारीक.
पुस्तकात लिहिलाय कोण तरी,
बालपणाला मातीनं दिलेला पहिला ओरखडा.
पिक्चर काळापांढरा, म्हणून बरं.
मला पण कळलं न्हाई आधी. घाम वाटला.
थांबलो तर धूर वाया जाणार,
म्हणून बोर्डापर्यंत पळालो.
डायरेक्टर खूष. "रक्त आलं? धसकट लागलं वाटतं. छान, ठेवा."

बसलिंगव्वा हात धरून भट्टीमागं नेली.
कौलं ओली करायच्या डब्यातलं पाणी घेऊन
घोटा धुतली, मांडी धुतली,
आपल्या लुगड्याचं टोक टर्रकन फाडली.
"यारिगू हेळब्याड," म्हणाली.
कुणाला म्हणू नकोस.
भट्टीची भिंत गरम होती, पाठीला बरं वाटत होतं.
पलीकडं कोण तरी ओरडूलालतं, पोरगी कुठं गेली?
तो पोरगा खुर्चीवर बसून लिंबू सरबत पीत होता.
पिक्चरभर तोच मोठा होतो, तीन रिळांत,
शेवटी मिशी पण लावलेत.

पैसे बाबांच्या हातात दिले.
मला चपला, त्याच्या मापाच्या, एक बोट मोठ्या.
दोन वर्षं चिंध्या घालून वापरलो.

खानापूरला पिक्चर लागला तेव्हा
बसलिंगव्वा माझ्या शेजारी बसलेली.
रेघ आली तशी ती माझा गुडघा दाबली,
आणि परत शेंगा सोलत बसली.

सुलटा करा आता फोन.
चालू हाय न्हवं?
लिहा, धसकट लागलं.